खड्ड्यातला ठोका

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. भूतबित मी मानत नाही, इंजिन मानतो. इंजिन खोटं बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार. जागा, आमचंच गॅरेज. मालक माझे सख्खे काका.

त्याच्या आदल्या वर्षी माझा दादा याच गॅरेजमध्ये, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात गुदमरून गेला. तो खाली, वर गाडी चालू, शटर बंद. धूर खड्ड्यात साचला. मी पार्ट आणायला गेलो होतो. स्टिअरिंगवर काका होते, काचा वर करून फोनवर.

आमच्याकडे पद्धत आहे. खालच्याने चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पान्याने ठोकायचं. दोन ठोके, जरा थांबून एक. की वरच्याने गाडी बंद करायची.

"त्याने ठोकलंच नाही," काका सगळ्यांना सांगत आले. "ठोकलं असतं तर मी बंद केली नसती का?"

वहिनीने ते ऐकून घेतलं. पटलं मात्र कधीच नाही.

तर त्या दुपारी इंजिनच्या हेडचं काम झालेली एक गाडी मी खड्ड्यावर घेतली. नवं गॅस्केट, व्हॉल्व्ह घासलेले. स्टार्ट केली आणि...

टक टक... टक.

टॅपेट सैल असलं की असंच टकटकतं, म्हणून त्याचा गॅप तपासला. बरोबर होता. एकेक प्लगची वायर काढून पाहिली. आवाज तसाच. लांब स्क्रूड्रायव्हर हेडला टेकवून मूठ कानाला लावली.

हेड गप्प.

मग रेस दिली. इंजिनातला कुठलाही आवाज रेसबरोबर पळतो. हा पळाला नाही... आपल्याच चालीने येत राहिला.

टक टक... टक.

इंजिन चालूच ठेवून मी गाडीतून उतरलो.

शटर सताड उघडं होतं. मी खड्ड्यात उतरलो. खाली कोणी नव्हतं. आणि माझ्या कानाशेजारी, चॅसीवर...

टक टक... टक.

मी धडपडत वर आलो. तेवढ्यात काका जेवून आले.

"एवढं साधं सापडत नाही होय रे तुला? सरक!"

ते सीटवर बसले. रेस दिली.

टक टक... टक.

काकांनी झटकन चावी फिरवली. मान खिडकीबाहेर काढून खाली ओरडले,

"केली रे, केली बंद! किती ठोकशील?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर उभा होतो.

खड्डा रिकामा होता.

इंजिन बंद झालं तसा आवाजही थांबला होता. काका गाडीतून उतरले.

"टॅपेटच आहे," ते म्हणाले. "गाडी देऊन टाक."

गाडी गेली. पुन्हा तक्रार आली नाही. काका मात्र त्या दिवसापासून चालू गाडीत बसत नाहीत. विचारलं की गुडघ्याचं निमित्त सांगतात. त्या माणसाचं तोंड पाहावंसं वाटत नाही, पण रोज पाहतो.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, रडेल. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे ह्यांनी ठोकलं होतं."

"हो वहिनी."

तिने नळ बंद केला. मग तिने विचारलं,

"किती वेळ ठोकत होते रे?"

ती अजूनही मधूनच विचारते.