एकशे त्रेचाळीस ते एक

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर संगीत विभाग होता आणि तिथे यादीबाईंचं राज्य होतं. समोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, माघारी 'यादीबाई'. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. एखाद्या वादकाच्या ढीगभर सीड्या जमल्या, की बाई त्या सगळ्या ऐकायच्या आणि एका पानाचं पत्रक काढायच्या: 'कुठून सुरुवात करावी'. लोक ते पत्रक हातात धरून कपाटासमोर उभे राहायचे, तेव्हा बाईंना धन्य धन्य वाटायचं.

पत्रकाचा एकच नियम होता आणि त्यावर बाईंशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. सुरुवात शेवटून करायची. "माणूस पिकतो म्हातारपणी," बाई म्हणायच्या, "मग आधी त्याचं कच्चं कशाला चाखायचं? शेवटचं ऐका आणि मागे मागे जा."

क्लॅरिनेटवाल्याची खोकी आली ती त्याच्या मरणानंतर दोन महिन्यांनी. हा माणूस जन्मात कधी मंचावर चढला नव्हता. चाळीस वर्षं घरातल्या एकाच खोलीत बसून वाजवत राहिला आणि स्वतःच रेकॉर्ड करत राहिला, आधी टेपवर, मग सीडीवर. एकशे त्रेचाळीस सीड्या. नाव एकीलाही नाही, नुसते आकडे. सगळ्यांच्या दोन-दोन प्रती करून त्याची धाकटी बहीण घेऊन आली होती. वाळकी, अबोल बाई.

"हे सगळं तुम्ही ऐकणार?" तिने विचारलं.

"अथपासून इतिपर्यंत. न ऐकता मी कार्ड लिहीत नाही."

"मग पहिल्यापासून ऐका."

बाई हसल्या. "आमची पद्धत जरा उलटी आहे हो."

"क्रम मोडायचा नाही, असं दादा म्हणायचा." तिने देणगीच्या फॉर्मवर सही केली, फोन नंबर लिहिला. "मला त्यातलं काही कळत नाही. त्याने सांगितलं ते तुम्हाला सांगितलं."

कलावंताच्या घरचे लोक असलं काहीबाही सांगतातच. बाईंनी मान डोलावली आणि ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

दुसरी प्रत त्यांनी घरी नेली, बाबांसाठी. दोन वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली, तेव्हा म्हातारा पार खचला होता. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडायचा. बाईंना दुसरं होतं कोण? संगीतानेच बाबांना पुन्हा उठवून बसवलं. बाईंनी सीड्यांची चळत बाबांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला रचली, एकशे त्रेचाळीस नंबर सगळ्यात वर, एक नंबर तळाशी. वरची उचलायची, लावायची, झाली की उजव्या हाताला ठेवायची. बाबा दिवसाला सहा-सात ऐकायचे. बाईंच्या ऑफिसात जेमतेम तीन व्हायच्या.

"झकास वाजवतो गं तुझा माणूस," आठवड्याभराने बाबा म्हणाले. "आणि दिवसभर एकटं म्हणून वाटत नाही. घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं."

बाईंना इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

ऑफिसात काचेच्या केबिनमध्ये कानांवर हेडफोन चढवून त्यांचं काम चाललं होतं. वादन खरंच अफाट होतं. फक्त दोन धुनांच्या मधल्या शांततेत, पार दूरवर, घराबाहेर असावी तशी खडी वाजायची. कुणीतरी चालत होतं. एक पाऊल पडायचं आणि दुसरा पाय घासत यायचा. टप्, खर्र. बाईंनी कार्डावर लिहिलं, 'पार्श्वभूमीला पावलं, अस्पष्ट.' एकशे एकतीसमध्ये खडी संपली आणि पायऱ्या लागल्या. एकशे अठरामध्ये तो जिना चढत होता.

"एवढी वर्दळ होती तर दार लावून घ्यायला काय झालं होतं!" बाई चिडून पुटपुटल्या.

एकशे चारमध्ये पावलं बोळकांडीत होती. शहाण्णवमध्ये बिजागरी कुरकुरली. पंच्याण्णवपासून तो खोलीत होता.

बाई काही भित्र्या नव्हत्या. त्यांनी मशिनं दुरुस्त करणाऱ्याला बोलावून हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला. तो एरवी तोंडाळ, सारखी टिंगल करणारा. पण आता त्याने हेडफोन काढून लांब ठेवला.

"आवाज आहे ना? की माझेच कान वाजतायत?"

"आहे." त्याने तळहात पँटला पुसले. "बाई, एक बघितलंत का? वाजवणारा वाजवत असला की हा गप्प उभा. वाजवणारा दम घ्यायला थांबला, की हा पाऊल टाकतो."

त्यानंतर केबिनमध्ये बसताना बाई दाराकडे पाठ करेनाशा झाल्या. तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्र्याऐंशी नंबर संपला तो गुरुवार होता, दुपारचे साडेबारा. आतापर्यंतची कार्डं ड्रॉवरमध्ये लावायची होती, आणि ड्रॉवरमध्ये कार्डं चढत्या आकड्यांनीच लागतात. म्हणून बाईंनी गठ्ठा उलटा केला. त्र्याऐंशी वर आलं. एकेक कार्ड सरकवता सरकवता त्या स्वतःचंच अक्षर वाचत गेल्या.

खोलीत, खुर्चीजवळ. खोलीत, भिंतीपाशी. बिजागरी. बोळकांडी. जिना. पायऱ्या. खडी. दूरवर खडी.

त्यांचा हात थांबला.

तो येत नव्हता, जात होता. क्लॅरिनेटवाला चाळीस वर्षं त्याला वाजवून वाजवून बाहेर घालवत होता. एका सीडीला एखादं पाऊल, तेही नशिबाने. आणि आपण आकडे उलटे मोजत त्याला पुन्हा आत आणत होतो.

बाईंनी देणगीचा फॉर्म काढला आणि फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"कुठून सुरू केलंत?" पलीकडून बहिणीने विचारलं. जणू ती फोनची वाटच पाहत होती.

"शेवटून."

"किती राहिल्यात?"

"ब्याऐंशी."

"मग थांबा तिथेच. आणि पुन्हा पुढे पुढे वाजवत जा, दादा गेला तसं. जाईल तो." तिचा आवाज खाली आला. "दुसरी प्रत कुठे आहे?"

बाईंनी पर्स उचलली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. हिशोब रस्त्यावर पळता पळता झाला. तीन आठवडे. दिवसाला सहा. कधी सात.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत क्लॅरिनेट वाजत नव्हतं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, चेहरा प्रसन्न. उजव्या हाताला सीड्यांची उंच चळत. डाव्या हाताला एकच सीडी.

"बाबा! पहिली वाजवलीत? एक नंबरची?"

"नाही गं. ती तुझ्यासाठी ठेवलीय, दोघं मिळून ऐकू म्हटलं." बाबा हसले. "अशी धापा काय टाकतेस?"

बाई मटकन जमिनीवर बसल्या. वेळेवर आलो. पोचलो वेळेवर! त्यांना हसू आलं आणि रडूही आलं. एक नंबरची सीडी त्यांनी पदराखाली घेतली, मांडी घातली आणि मशीन जवळ ओढलं.

"आता दोनपासून पुढे ऐकायचं, बाबा. आवडेल ना?"

"दोन नको वाटते गं. तिच्यात अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतं."

"एकदाच. माझ्यासाठी."

बाईंनी दोन नंबर लावली. धून संपली. त्या कान देऊन बसल्या.

श्वास नव्हता. नुसती स्वच्छ शांतता.

"अरे वा," बाबा म्हणाले. "गेलं की ते."

तीन लावली. काही नाही. चार. काही नाही. जातोय, बाईंनी मनाशी म्हटलं, जातोय. पण तेवढ्याने खात्री पटेना. त्यांनी त्र्याऐंशी शोधली. आजच ऑफिसात ऐकलेली, खुर्चीजवळची पावलं असलेली.

नुसतं क्लॅरिनेट.

एकशे अठरा. जिना नाही.

एकशे त्रेचाळीस. खडी नाही. पाऊल नाही. तो त्यातल्या एकाही सीडीत उरला नव्हता.

बाईंनी मशीन बंद केलं. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. दार त्यांनी येताना लावलं होतं की नाही, त्यांना आठवेना. मान वळवून बघायचा धीर होत नव्हता.

"पोरी," बाबांनी मायेने विचारलं, "पायाला काय लागलं गं तुझ्या?"

"माझ्या पायाला?"

"तर काय. आल्यापासून ऐकतोय, एक पाय घासत चालतेयस. किती फेऱ्या मारशील? बस की जरा."

बाई आल्यापासून जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. आणि बाबांचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता. तो त्यांच्या पाठीमागे, थोडा वर, उभ्या माणसाशी बोलावं तसा वळलेला होता.