उशाकडची दोरी

हसणार नसशील तर सांगतो. दिवा जरा इकडे सरकव.

त्या दिवशी मी किर्कब्रेला गेलो होतो तो बुटांसाठी. गुरुवार, मेंढ्यांचा बाजार. लिलाववाल्याचा घसा बसलेला, सगळीकडे ओल्या लोकरीचा वास. बूट पायात घालून बघतोय तोच मोराग रेनी दुकानात शिरली. तिचा बाप वॉटी, गावचा खाटीक, त्याच आठवड्यात गेला होता.

"अँगसकाका, दोरीला एक माणूस कमी पडतोय. याल ना?"

नाही कसं म्हणणार? आमच्याकडे शवपेटी आपली माणसंच दोऱ्यांनी खड्ड्यात उतरवतात. उशाकडची दोरी थोरल्या मुलाची. तिथेच घोडं अडलं होतं. वॉटीचा रोरी बापाशी भांडून मासेमारीच्या बोटीवर गेला, त्याला वर्षं लोटली. पत्ता नाही.

दफनभूमीत धुकं इतकं, की चर्चचं दार दिसेना. अंत्यविधीवाला गिलख्रिस्ट कुजबुजला, "मोराग, ती दोरी दुसऱ्या कुणाला देऊ या. उगाच हट्ट नको."

"दुसऱ्याच्या हातात दिली, तर रोरी मेला असं मीच म्हटल्यासारखं होईल. तो येईल."

"आणि पेटी डोक्याकडून कलंडली म्हणजे?"

"येईल म्हटलं ना."

हट्टी पोरगी, अगदी बापावर गेलेली. मला शेजारची, खांद्याकडची दोरी मिळाली. उशाकडची नुसती गवतावर पडून होती. मी मनातून चरफडत होतो. तिचा सगळा भार माझ्यावरच येणार होता, त्यात नवे बूट टाचांना चावत होते.

गिलख्रिस्टनं मान हलवली. आम्ही दोऱ्या ताणल्या, पेटीखालच्या फळ्या निघाल्या... आणि माझ्या हाताला जास्तीचा भार आलाच नाही.

पेटी सरळ, अलगद खाली चालली होती. उशाकडची दोरी गवतावरून उचललेली, ताठ, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. तिथे कुणी नव्हतं. वास मात्र होता... मासळीचा, खाऱ्या पाण्याचा. किर्कब्रेपासून समुद्र कुठल्या कुठे.

माझी पाचावर धारण बसली होती. गिलख्रिस्ट डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

मोरागचा चेहरा उजळला. "आलास..." म्हणत तिनं दोरीला हात लावला. बोटं ओली झाली. तिनं ती जिभेला लावली, आणि तिच्या तोंडावरचं हसू माझ्यादेखत विझलं.

"म्हणजे तूही..."

बापासाठी टिपूस न काढलेली पोर तिथेच ओल्या गवतावर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेली आशा होती तिची.

पेटी तळाला टेकली. रिवाजाप्रमाणे आम्ही दोऱ्या सोडल्या, त्या पेटीवर पडल्या. ती एक पडली नाही.

"रोरी, सोड रे आता," मोराग हळूच म्हणाली. "झालं सगळं... सोड."

आम्ही वाट पाहिली. शेवटी गिलख्रिस्टनं माती लोटायला सांगितली. खड्डा भरला, तरी दोरी मातीतून वर आलेली, तशीच ताणलेली.

तेव्हापासून मी बाजाराला दुसऱ्या गावी जातो. मोराग मात्र दर गुरुवारी बापाच्या थडग्यावर जाते. परवा रस्त्यात भेटली.

"दोरी अजून ताठच आहे, काका," ती म्हणाली. "पण दर खेपेला मातीवरचा तुकडा आखूड झालेला असतो... खालून बाबा ओढतायत."