इराची जीभ

मयूरेश थोरातने कुकर उघडला, शिजलेला दुधी पळीने ठेचला, त्यात मुगाची डाळ ओतली आणि भांडं तसंच टेबलावर आणून ठेवलं. फोडणी नाही, वाटण नाही, मीठ अगदी नावाला. मग त्याने फोन उचलून ‘पनीर मखनी, हॉटेल कृष्णाकाठ’ निवडलं. समोर बसलेल्या ऋजुताने ‘सुकं चिकन’ निवडलं. दोघांनी त्याच दुधीचा पहिला घास घेतला.

“अहाहा!” ऋजुता म्हणाली. “काय जमलंय रे आज!”

“अजून घे ना, भरपूर आहे,” मयूरेश बोटं चाटत म्हणाला.

त्यांची सहा वर्षांची इरा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिने आपला घास उचलला, डोळे मिटले आणि गिळला.

गेल्या दिवाळीपर्यंत या घरात गॅस फक्त चहापुरता पेटत असे. ऋजुता सांगलीतल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. मयूरेश कृष्णेच्या पात्रात बसवलेल्या पूरमापकांवर घरी बसून लक्ष ठेवायचा. दिवसभर दमल्यावर कोण स्वयंपाक करणार, म्हणून आज कृष्णाकाठ, उद्या बिर्याणी, परवा पिझ्झा. मग तपासणीत मयूरेशची साखर वाढलेली निघाली, ऋजुताचा रक्तदाब निघाला, आणि पगार तर कुठे जातो तेच कळत नव्हतं. डॉक्टर मगदूमबाईंनी अहवाल वाचून चष्मा काढला.

“हॉटेल बंद करा,” त्या म्हणाल्या.

“सगळं कळतं हो डॉक्टर, पण घरचं गिळवत नाही,” मयूरेशने कबूल केलं. “जिभेला सवयच राहिली नाही.”

तेव्हा त्यांनी चवपट्टी पुढे केली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी, टाळूला चिकटवायची. तिच्यातून विजेचे अगदी बारीक स्पंद जिभेवर पडतात, तिच्यातले गंधकण घशामागून नाकात चढतात. फोनवर हवी ती चव निवडायची. तुम्ही चावता दुधी, आणि मेंदूला कळतं लोणी. “चव जिभेवर असते असं आपण समजतो,” मगदूमबाई म्हणाल्या, “पण ती शिजते मेंदूत. इराला मात्र द्यायची नाही. बारा वर्षांखालच्या मुलांची जीभ अजून शिकत असते.”

इरा हट्ट धरेल म्हणून दोघांनी तिला सांगितलं की ही दातांची क्लिप आहे. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

पट्टीने कमाल केली. मयूरेशच्या विजारी सैल झाल्या, ऋजुताची गोळी निम्म्यावर आली. हॉटेलात जाणारा पैसा घरात राहू लागला आणि त्यातूनच इराला लाल सायकल आली. चव पट्टीच सांभाळत असल्यामुळे मयूरेशने स्वयंपाक शिकायची तसदी घेतली नाही. जे असेल ते शिजवायचं, एवढंच. इराचा डबाही त्यातूनच भरला जाई आणि रिकामा परत येई. पोरगी कशी शहाण्यासारखी जेवते, याचं दोघांना कौतुक होतं.

एका रविवारी सकाळी ऋजुता कामावर गेली होती. इरा न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मयूरेशने डोकावून पाहिलं. ती आरशासमोर स्टुलावर उभी होती. हातात तांब्याची जिभली. जीभ बाहेर काढून ती खराखरा घासत होती आणि बेसिनमध्ये लालसर थुंकी पडली होती.

“इरा! अगं, काय करतेस हे?”

“जीभ घासतेय.”

“रक्त येतंय, बघ तरी!”

“येऊ दे. माझी खराब झालीये ना.” तिने जिभली सोडली नाही. “तुम्ही दोघं किती छान, किती छान म्हणता. मला काहीच छान लागत नाही. मला वाटलं, जास्त खाल्लं की लागेल. म्हणून मी सगळं संपवते. तरी नाही लागत. आईला सांगू नको हं बाबा, ती इंजेक्शन देईल.”

मयूरेशने तिला उचलून कडेवर घेतलं. एरवी मोठी झाले म्हणून ती घेऊ देत नसे. आज तिने मान त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने तिची जीभ गार पाण्याने धुतली, तूप लावलं आणि तिला गच्चीवरच्या झोपाळ्यावर बसवून तो स्वयंपाकघरात आला. टाळूची पट्टी नखाने सोलून काढली. फ्रिजमधला कालचा दुधी चमचाभर तोंडात घातला.

ओला कापूस. दुसरं काही नाही. हे आपण लेकीला दोन्ही वेळा वाढत होतो, आणि वर वाहवा करत होतो.

ऋजुता आली तेव्हा त्याने तिला पट्टी काढायला सांगून तिच्यापुढे तेच भांडं ठेवलं. तिने चमचाभर खाल्लं. मग इराचं सगळं ऐकल्यावर ती ओट्याला पाठ टेकून खालीच बसली.

“डबा रिकामा यायचा रे,” ती म्हणाली. “मी किती खूश व्हायचे.”

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. “चल, उठ. तिला कृष्णाकाठला नेऊ. आज पोटभर आवडीचं खाऊ दे.”

कृष्णाकाठचा वेटर अजून ओळख विसरला नव्हता. इराने पनीर मखनी गालापर्यंत माखून खाल्ली. पहिल्या घासाला तिचे डोळे विस्फारले. “लागतंय!” ती ओरडली. “बाबा, मला छान लागतंय!”

मयूरेशनेही पट्टीविनाच घास घेतला. त्याचा हात थांबला. त्याने ऋजुताकडे पाहिलं. तीही घास तोंडात धरून त्याच्याकडेच पाहत होती.

“तुला काही...?”

“काहीच नाही,” ती हळूच म्हणाली. “कापूस.”

त्याने टेबलावरूनच मगदूमबाईंना फोन लावला. “पट्टी रोज इतके ठळक संकेत देते, की जीभ स्वतःचे मंद करत नेते,” त्या म्हणाल्या. “बंद ठेवा. बहुतेकांची चव परत यावी.”

“यावी म्हणजे? कधी?”

“थोरात, इतके महिने वापरून थांबलेलं अजून कुणी माझ्याकडे आलंच नाहीये. तुम्हीच पहिले.”

फोन ठेवल्यावर ऋजुताने इराचे तेलकट हात आपल्या हातात घेतले आणि तिला पट्टीचं सगळं सांगितलं. “तुझी जीभ चांगली आहे, सोन्या. खराब आमची झालीये.”

“म्हणजे तुम्ही दुसरंच खात होता,” इरा म्हणाली. “आणि मला एकटीला दुधी.”

“हो,” मयूरेश म्हणाला. “चुकलं आमचं.”

तिने त्याच्या ताटातला पनीरचा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला. तो तिने शिक्षा म्हणूनच घेतला असावा.

पट्ट्या त्याच दिवशी कचऱ्यात गेल्या. हॉटेल महिन्यातून एकदाच ठरलं. पण घरी चव कोण बघणार? दोन मोठी माणसं, दोन्ही बिनचवीची. मग इरासाठी ओट्याशी स्टूल लागलं. ऋजुताने मिरजेला आईला फोन करून फोडणी कशी करतात ते विचारलं. मयूरेशने मोहरी दोनदा जाळली. प्रत्येक भाजीचा पहिला चमचा इराचा. “मीठ कमी. लिंबू. अजून लिंबू. बाबा, हे तर करपलंय!” ती सांगेल तसं हे दोघं करत, आणि आपल्याला काहीही न लागणारं ते जेवण तिच्या चेहऱ्याकडे बघत जेवत. भाजी जमली की ती खांदे उडवत नाचायची. तेवढ्यावर दोघांचं पोट भरे.

आठवड्यामागून आठवडे गेले. ऋजुताने चव परत येण्याची आशा सोडली नव्हती, पण त्याबद्दल बोलणं सोडलं होतं. मग एका संध्याकाळी मयूरेशने मेथी केली, लसूण घालून, इराच्या देखरेखीखाली. भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो चावायचा थांबला. जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी उमटत होतं. बारीक, हट्टी. पट्टीने ते कधीच येऊ दिलं नव्हतं. हॉटेलांच्या यादीत ते नव्हतंच.

“ऋजुता,” तो म्हणाला, “कडू.”

तिने घाईने घास घेतला. चावला. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती हसू लागली. “कडू आहे! अरे, कडू आहे!” दोघं मेथी कडू लागली म्हणून वेड्यासारखी हसत होती. इरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“थांबा,” ती म्हणाली. “तुम्हाला कडू लागलं, ते माझंच कडू आहे का? की तुमचं वेगळं आहे?”

ऋजुता हसायची थांबली. टाळूला आता काहीच नव्हतं, तरीही दोघांपैकी कुणाला छातीठोकपणे हो म्हणवेना. मयूरेशने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“ते मला माहीत नाही गं,” तो म्हणाला. “तुला कसं लागतं? सांगशील?”