यंदा नाव का नाही दिलं?

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि दुपारची शांतता खडखडली. लेकीचा नुकताच डोळा लागला होता. मी झडप घातली.

"ताई, लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या ऑफिसमधून बोलतेय. पूर्वी तुम्ही धावायचात. यंदा नाव का नाही दिलं?"

आठ वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत मी बसायचे. देशभरात शंभर-शंभर किलोमीटर धावणारे दर वर्षी वाढत होते. जे गळायचे त्यांना फोन करायचा, कारण विचारायचं, तक्त्यात भरायचं.

एकदा एक आवाज म्हणाला, "गुडघा."

पुढच्या वर्षी यादीत पुन्हा तोच नंबर.

"अजून गुडघाच?"

"नाही हो... ठणठणीत आहे."

"मग नाव का नाही दिलंत?"

"दिलं असतं तर... तुमचा फोन आला असता?"

माझे कान तापले. "हे कारण तक्त्यात बसत नाही."

"मग 'इतर'मध्ये टाका. नाहीतर — भेटून ठरवू."

भेटलो. त्यानेच मला धावायला लावलं. माझ्या पहिल्या शंभरात शेवटचे दहा किलोमीटर तो पावलं आखडून माझ्या शेजारी राहिला.

"जा ना रे पुढे!"

"तुझ्या मागे लागून झालं. आता बरोबर."

तेव्हाच ठरलं सगळं.

माझ्या तक्त्यावरून काढलेल्या आलेखात बायकांची रेघ वयाच्या तिशीशी आली की खाली वळायची. विचारलं की एकच उत्तर... "घरचं." मी तक्त्यात त्या कारणाचा आकडा, चार, टाकायचे आणि पुढचा फोन लावायचे. घरचं म्हणजे नेमकं काय, कधी विचारलं नाही.

"ताई, आहात ना?"

"हा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"तुमच्या मिस्टरांनी. त्यांनीही नाव दिलेलं नाही. म्हणाले, 'आधी तिला विचारा. मी विचारलं की काही नाही म्हणते.'" ती जरा घुटमळली. "उद्या यादी बंद होतेय. कारण... घरचं लिहू?"

"नको," मी पटकन म्हणाले. "थांबा जरा. मला धावायला... फार आवडायचं हो."

दारात लेक उभी होती. केस पिंजारलेले, एक डोळा अजून मिटलेला.

"आई, तू धावायचीस?"

"हो."

"बाबांच्या पुढे?"

"बाबांच्या बरोबर."

फोन कानालाच होता. लेकीने दुसरा डोळाही उघडला.

"मग का थांबलीस?"