सतरा एप्रिलची नोंद

रामकिसन जिना चढून आला तेव्हा त्याच्या हातात पोलिसांत द्यायचा तक्रारअर्ज होता. त्यावर त्याची सही तेवढी राहिली होती.

नव्या मोंढ्याजवळच्या त्या दोन खोल्यांत अर्पिता लहान धंद्यांच्या कॉम्प्युटरांची राखण करायची. कुणाच्या फायली चोरीला गेल्या, कुणाच्या नोंदी बदलल्या, की दुकानदार, दवाखानेवाले, कारखानदार तिच्याकडे धाव घ्यायचे. बोलणं कमी, विचारणं फार, अशी तिची ख्याती.

तिनं अर्ज वाचला. "सही का नाही केली, काका?"

"जिच्यावर तक्रार हाय ती पोरगी मला चोर वाटत न्हाई. ती चोर हाय का न्हाई, तेवढं सांगा. मंग करतो सही."

"बसा. पहिल्यापासून सांगा."

रामकिसन टेंभुर्णीचा. अकरा वर्षं तो आणि त्याची बायको पुष्पाबाई मिरचीचं एक वाण घडवत होते. मादी म्हणून निवडलेल्या झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, नर म्हणून निवडलेल्या झाडाचा पराग लावायचा, कळीला दोरा बांधायचा. शेकडो जोड्या लावल्या तेव्हा एक जमली. शेत रामकिसनचं, जालना एमआयडीसीतला बियाण्याचा प्लांट, शीतगृह आणि कॉम्प्युटर कचरूलालचा. तीस वर्षांची दोस्ती. वाणाची सरकारी नोंदणी रामकिसनच्या नावानं करायची आणि बियाणं कचरूलालनं विकायचं, असं दोघांत ठरलं होतं. तोंडी.

"तीन वर्षं झाली, पुढल्या दिवाळीला नोंदवू म्हणतात कचरूभाऊ," रामकिसन म्हणाला. "अन् गेल्या हप्त्यात नोंदणी कार्यालयाच्या पत्रिकेत आपलंच वाण छापून आलं. हैदराबादच्या एका कंपनीच्या नावानं. अठ्ठावीस एप्रिलला अर्ज केलाय त्यांनी."

"तुमचंच कशावरून?"

"जोडीचं सगळं वर्णन आपलं हाय. आपल्या कॉम्प्युटरवरून उचललेलं. ती नोंद सतरा एप्रिलला दुपारी माझ्या पासवर्डनं उघडली गेली, अन् मी तर त्या टायमाला शेतात होतो. माझा पासवर्ड लावून देणारी मोनाली. प्लांटवरच्या नोंदी तीच टाकते. मंग सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"कचरूभाऊंनी. त्यांच्या पोरानं, श्रेणिकनं, तिला कामावरून काढलं. उद्या तक्रार द्यायची हाय."

अर्पितानं अर्जाची घडी घालून खणात ठेवली. "चला. मला मिरचीतलं काही कळत नाही. तुम्ही बरोबर राहा."

"मला कॉम्प्युटरमधलं कळत न्हाई."

"मग बराबर जमेल आपलं."

मोनाली चंदनझिऱ्याला आईबरोबर राहायची. पाहुणे दारात दिसताच ती आत निघाली. रामकिसननं "बाई, मीच आणलंय यांना" म्हटल्यावर थांबली. तिचे डोळे सुजलेले होते.

"काकांचा पासवर्ड तुला पाठ आहे?" अर्पितानं विचारलं.

"मीच टाकते ना दर शनिवारी. त्यांना बटणं सापडत नाहीत. डोळे मिटून टाकते."

"मिरचीच्या नोंदीत कधी काही बदललंस?"

मोनाली घुटमळली. "एकदा. चूक माझीच होती. नर झाडाच्या पुढं मी 'फळ उभं' असं टाकलं होतं. जानेवारीत काकांच्या शेतात गेले तर त्याच्या मिरच्या खाली लोंबत होत्या. मग 'लोंबतं' असं दुरुस्त केलं. काकांना सांगून."

"सांगितलं व्हतं," रामकिसन म्हणाला. "पुष्पाबाई किती हसली व्हती."

अर्पितानं तेवढंच वहीत लिहून घेतलं आणि पासवर्ड विचारला. रामकिसननं पिशवीतून शेताची डायरी काढून शेवटचं पान उघडलं. त्यानं कॉम्प्युटरवरच्या सगळ्या गोष्टी तिथं लिहून ठेवल्या होत्या. अर्पितानं आकडे मोठ्यानं वाचले.

"तो पाच न्हाई, चार हाय," रामकिसन म्हणाला. "माझा चार सगळ्यांना पाच वाटतो."

"ही डायरी कायम तुमच्याजवळच असते?"

"कायम. कचरूभाऊंनी एकदा रातभर ठेवून घेतल्ती, यंदा काय काय केलं ते बघायला. बाकी कुणाच्या हाती देत न्हाई."

"कधी?"

"रामनवमी झाल्यावर. एप्रिलात."

प्लांटवर श्रेणिकनं त्यांना ऑफिसात बसवलं. पस्तिशीचा, घाईत असलेला माणूस. रामकिसनच्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

अर्पिता अर्धा तास कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. मग रामकिसनला पडदा दाखवला. "सतरा एप्रिल. एक वाजून सहा मिनिटं, पासवर्ड चुकला. एक आठ, पुन्हा चुकला. एक नऊला उघडलं."

रामकिसननं मान हलवली. त्याला त्यात काही विशेष दिसलं नाही.

"मोनाली तेव्हा कुठं होती?" तिनं श्रेणिकला विचारलं.

"जेवणाची सुट्टी होती. इथंच असेल. मी संभाजीनगरला गेलो होतो."

"नोंदींच्या प्रती किती?"

"एक ह्या कॉम्प्युटरमध्ये. एक कपाटातल्या डिस्कवर, दर शनिवारी नवी घेतो, जुनी पुसली जाते. आणि एक पूजेची." तो किंचित हसला. "लक्ष्मीपूजनाला आम्ही वह्यांबरोबर एक डिस्क मांडतो. वर्षाची प्रत. पूजा झाली की घरच्या तिजोरीत. पुढल्या दिवाळीपर्यंत तिला कुणी हात लावत नाही."

"किल्ली?"

"बाबूजींच्या कमरेला. मला अजून दिली नाही त्यांनी. प्लांटची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच." त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. "तसं आता देऊन तरी काय उपयोग. प्लांट विकायचा विचार चाललाय. हैदराबादहून लोक दोनदा बघून गेले."

रामकिसन खुर्चीत सावरून बसला. "मला कुणी बोललं न्हाई."

"मला वाटलं बाबूजी बोलले असतील."

अर्पितानं कॉम्प्युटरमधली आणखी एक यादी उघडली. ती काय वाचतेय ते रामकिसनला कळेना. तिनं त्या यादीचा फोटो काढला, आणि कचरूलालच्या घरी जाऊ या म्हणाली.

कचरूलाल झोपाळ्यावर बसला होता. सत्तरीचा, गोरा, पांढऱ्या धोतरातला. रामकिसनला बघून त्यानं बाजूला सरकून जागा केली. "ये रामकिसन. जेवलास का? सही झाली?"

"ह्या बाई जरा चौकशी करून राह्यल्यात."

"करू द्या की. बिलकुल करू द्या." त्यानं अर्पिताकडे पाहिलं. "मला तर बाई, तो माऊस कुठून धरायचा तेपण कळत न्हाई. पण रामकिसननं त्या पोरीला लेकीसारखं वागवलं, अन् तिनं घात केला. त्याला झोप न्हाई, म्हणून मी म्हणतो जल्दी निपटवा."

"पूजेची डिस्क बघू?"

त्यानं पायानं झोपाळा थांबवला. मग त्यानं कमरेची किल्ली सोडली, तिजोरी उघडली. डिस्क लाल कापडात होती, हळदीकुंकवाची बोटं तशीच होती.

"उद्या सकाळी अकराला प्लांटवर याल?" अर्पिता म्हणाली. "ही डिस्क घेऊन. मोनालीलाही बोलावते."

रस्त्याला लागल्यावर रामकिसननं विचारलं, "कळलं का काही?"

"कळलं. पण तुम्हाला आत्ता सांगत नाही, काका. आज तुम्ही त्याच घरी परत जाल विचारायला."

त्या बोलण्याचा अर्थ रामकिसनला रात्रभर लागला नाही. की लागला होता आणि त्यानं लागू दिला नाही, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

सकाळी ऑफिसात पाच माणसं बसली. मोनाली दाराजवळ, रामकिसनच्या शेजारी. श्रेणिक टेबलाशी. कचरूलाल खिडकीच्या खुर्चीत, डिस्क मांडीवर.

अर्पितानं पत्रिकेचं पान टेबलावर ठेवलं. "श्रेणिकशेठ, नर झाडाचं वर्णन वाचा."

"पान अरुंद, फूल पांढरं, फळ उभं..."

"आता तुमच्या कॉम्प्युटरमधलं वाचा."

"पान अरुंद, फूल पांढरं, फळ लोंबतं." तो थांबला. "हे वेगळं कसं?"

"ही मोनालीची जुनी चूक. जानेवारीत दुरुस्त झाली. सतरा एप्रिलला ज्यानं ही नोंद उघडली त्याला 'लोंबतं' असंच दिसलं असणार. हैदराबादच्या अर्जात 'उभं' आहे. म्हणजे चोरी सतरा एप्रिलच्या त्या नोंदीतून झालीच नाही. जानेवारीच्या आधीच्या प्रतीतून झाली."

रामकिसननं पत्रिकेचं पान स्वतःकडे ओढलं.

"कपाटातली डिस्क दर शनिवारी पुसली जाते, तिच्यात जुनं काही उरत नाही. उरतं फक्त दिवाळीच्या प्रतीत, आणि ती उघडायला पासवर्ड लागत नाही."

कचरूलाल खिडकीबाहेर बघत होता.

"मग सतरा एप्रिलला नोंद उघडली कशाला? मोनालीवर आळ यावा म्हणून. उघडणारा दोनदा चुकला. मोनाली हा पासवर्ड डोळे मिटून टाकते, ती चुकणार नाही. चुकतो तो डायरीतून उतरवून घेतलेला माणूस, ज्याला काकांचा चार पाच वाटतो. मीही काल चुकले. आणि काकांनी डायरी आजवर एकाच माणसाच्या हाती दिली."

"बाबूजींना कॉम्प्युटर येत नाही," श्रेणिक म्हणाला.

"फोनवर कुणी सांगत गेलं तर येतो." तिनं कालचा फोटो पुढं केला. "कुठली डिस्क कधी जोडली, हे कॉम्प्युटर तिच्या क्रमांकासकट लिहून ठेवतो. मालकानं पुसायला सांगितलं नसेल तर ते तसंच राहतं. ती डिस्क जोडून बघा, क्रमांक जुळतो का."

श्रेणिकनं बापाच्या मांडीवरची डिस्क उचलली. जोडली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"लक्ष्मीपूजनाचा दिवस," तो वाचू लागला. "आणि... तेरा एप्रिल. रविवार होता. प्लांट बंद होता."

"प्लांटची आणि तिजोरीची, दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला होत्या," अर्पिता म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा कचरूलालवर होत्या. रामकिसन मात्र फरशीकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आता भाऊ उठतील, म्हणतील हे सगळं खोटं आहे, आणि आपण ते मानू. तो तयार होता मानायला.

"वाण तुझ्या नावावर गेलं असतं तर प्लांट कुणी घेतला नसता," कचरूलाल म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "हैदराबादवाल्यांना वाण अन् प्लांट दोन्ही पाहिजे होतं. मी तुला काही ना काही देणारच होतो, रामकिसन. विचार केल्ता तुझा."

"अन् ह्या पोरीचा?"

कचरूलाल धोतराचा सोगा सारखा करू लागला.

"मला मागितलं असतं तरी दिलं असतं मी," रामकिसन म्हणाला. "तुम्हाला न्हाई म्हणालो असतो का कधी? दर साली म्हणायचे, येतो रे शेतात, बघतो तुझी मिरची. एकदा जरी आले असते तरी कळलं असतं ती लोंबते का उभी राहते. अकरा वर्षांत एकदा न्हाई आले. मी म्हणायचो, भाऊंना काम लई असतं."

त्याचा आवाज चढला नाही. मोनाली रडत होती. कचरूलालनं काठी शोधली, ती हाताला लागेना. श्रेणिक उठला नाही. शेवटी अर्पितानंच ती उचलून दिली.

नोंदणी कार्यालयाकडे द्यायचा हरकतीचा अर्ज त्याच दुपारी त्याच टेबलावर तयार झाला. पुष्पाबाईनं बांधलेल्या दोऱ्यांच्या नोंदी असलेली डायरी, मोनालीच्या जानेवारीतल्या दुरुस्तीची तारीख आणि तेरा एप्रिलची यादी, सगळं अर्पितानं जोडलं. श्रेणिकनं कामगारांना अंगणात बोलावून मोनालीची माफी मागितली. ती कामावर मात्र परत आली नाही. अर्पितानं तिला आपल्याकडे घेतलं.

दिवाळीआधी कार्यालयानं हैदराबादच्या कंपनीकडे नर झाडाचा नमुना मागितला. त्यांच्या अर्जाप्रमाणे फळ उभं असायला हवं होतं. तसं झाड त्यांना दाखवता आलं नाही. अर्ज फेटाळला गेला, आणि प्लांटचा सौदाही मोडला.

श्रेणिक एकदा टेंभुर्णीला आला. वाण रामकिसनच्या नावानं नोंदवायचे कागद त्यानं स्वतः भरून आणले होते. ह्या वेळी करार लेखी होता, दोन पानांचा. रामकिसननं प्रत्येक ओळ पुष्पाबाईला वाचून दाखवली, मग सही केली. चहा झाला. निघताना श्रेणिक चपला घालत रेंगाळला.

"बाबूजी जेवत नाहीत धड. तुमचं नाव काढतात. एकदा येऊन गेलात तर..."

रामकिसननं कराराची प्रत घडी घालून खिशात ठेवली.

"त्यांना सांगा, मी रागात न्हाई," तो म्हणाला. "पण यायचं म्हणलं तर मला त्यांच्यासमोर बसून काय बोलावं तेच सुचत न्हाई. आधी कधी असं झालं नव्हतं."

श्रेणिक गाडीत बसला. गाडी वळणापलीकडं गेल्यावर पुष्पाबाईनं विचारलं, जेवायला वाढू का. रामकिसन म्हणाला, थोड्या वेळानं, आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिला.