तिसऱ्या पेटीचं सील

दारावरचं कागदी सील शाबूत होतं. आत मात्र तीनऐवजी दोनच मतपेट्या होत्या.

सौदीतल्या दम्माममधल्या त्या भारतीय शाळेत पालक-समितीची निवडणूक शुक्रवारी झाली होती. शनिवारी सकाळी नऊला मोजणी सुरू व्हायची होती. अंगणात दोनशे पालक ताटकळत होते. वाचनालयाच्या उंबऱ्यावर अमिता उभी होती. एका सरकारी इस्पितळात ती परिचारिका होती. इथे पालकांनी तिला निरीक्षक नेमलं होतं.

"खिडक्यांना गज आहेत," मुख्य निवडणूक अधिकारी उमाकांत सर म्हणाले. शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. गेल्या पाचही निवडणुका त्यांनीच घेतल्या होत्या. महिन्याभरात ते कायमचे साताऱ्याला परतणार होते. "किल्ली गेटवर टांगलेली असते. तुकारामच्या ताब्यात. आता काय म्हणायचं?"

तुकाराम गुहागरचा. शाळेचा पहारेकरी. तो खाली बघत उभा होता.

"पोलीस आले तर त्याचा कफील, ज्याच्या नावावर तो इथे राहतो तो मालक, त्याला एक दिवसही ठेवणार नाही," सहायक अधिकारी सत्यजित हळूच म्हणाला. "इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाच रद्द, थेट विमानात."

"मला अर्धा तास द्या," अमिता म्हणाली.

तिने आधी सील पाहिलं. कागदावर काल संध्याकाळी पाचची वेळ, खाली तीन सह्या. उमाकांत सरांची बारीक, सत्यजितची तिरकी, कारकून अहिल्याची गोलसर, शेवटी लांब शेपूट असलेली.

मग तिने तुकारामला बाजूला घेतलं.

"काल पाचनंतर कोण आलं होतं?"

"बाहेरचं कोण नाय आलं, मॅडम."

"तुम्ही जागेवरच होता?"

"मगरिबच्या, सांजच्या बांगेपर्यंत होतो. मग गेट लावून चहा प्यायला गेलो. धा मिनटं."

"किल्ली?"

"खिळ्यालाच होती."

त्याने मान वर केली नाही.

अहिल्या ऑफिसात बसली होती. गायब झालेली पेटी तिसऱ्या बूथची, आणि तो बूथ तिनेच सांभाळला होता. तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टर होतं.

"हे कधी झालं?"

"काल दुपारी दोनला. लोखंडी कपाटाचं दार आदळलं. पाचला सील झाल्यावर सत्यजित मला दवाखान्यात घेऊन गेला. एक्स-रे, प्लास्टर... साडेआठला मला घरी सोडलं. तोवर तो तिथेच होता."

"बूथवर काही गडबड?"

"तशी नाही. साडेतीनला मतपत्रिका संपल्या. सरांनी ऑफिसच्या प्रिंटरवर आणखी चाळीस काढून दिल्या. हां, एका बाईंनी विचारलं, यात पाचच नावं कशी? मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो."

"उमेदवार सहा आहेत ना?"

"सहाच. डॉक्टर झेबांचा अर्ज अगदी शेवटच्या दिवशी आला, म्हणून त्यांचं नाव यादीत मागाहून घातलं."

अमिताने पुन्हा त्या प्लास्टरकडे पाहिलं.

"सीलच्या कागदावर सही कधी केलीस?"

"सकाळीच सरांनी दोन कागदांवर आमच्या सह्या घेतल्या होत्या. पण हात दुखावला होता तरी मीच म्हटलं, सील माझ्यासमोर होतंय तर नवा कागद घ्या. डाव्या हाताने कशीबशी केली. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा."

अमिता उठली. तिने सगळ्यांना वाचनालयात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"चोराने सील तोडलं होतं," ती म्हणाली. "आपण बघतोय ते दुसरं आहे. कालचं सील अहिल्याने डाव्या हाताने सही केलेलं होतं. यावर तिची उजव्या हाताची सही आहे. म्हणजे हा कागद दोन वाजायच्या आधीचा. सकाळच्या दोन कागदांपैकी एक. तुटलेलं सील रात्रीच कोणाला दिसू नये म्हणून लावलेला."

"ते तर फाईलमध्ये होते," सत्यजित म्हणाला.

"हो. फाईल कुठे आहे हे तिघांना ठाऊक होतं. किल्ली राखणीविना होती ती तुकाराम संध्याकाळी चहाला गेला तेवढी दहा मिनिटं, आणि अहिल्या आणि तू साडेआठपर्यंत दवाखान्यात होतात. आणि अहिल्याने हे केलं असतं तर स्वतःची चांगली सही तिने दारावर चिकटवली नसती."

अमिताने उरलेल्या दोन पेट्यांकडे बोट दाखवलं.

"नेमकी तिसरीच पेटी का? कारण त्या चाळीस मतपत्रिका कॉम्प्युटरवरच्या जुन्या यादीतून छापल्या गेल्या. त्यांत झेबांचं नावच नव्हतं. पेटी उघडली असती तर चूक सगळ्यांसमोर आली असती. पेटीच नसेल तर फक्त चोरी दिसेल." ती तुकारामकडे वळली. "मी विचारलं कोण आलं. तुम्ही म्हणालात, बाहेरचं कोणी नाही. आतलं कोण आलं होतं?"

तुकारामने ओझरतं सरांकडे पाहिलं.

"त्याला नको विचारू," उमाकांत सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पेटी माझ्या गाडीत आहे. उघडलेली नाही."

"सर, तुम्ही?" सत्यजित पुटपुटला.

"बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, उत्तर पुन्हा तपासा. काल मीच तपासलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "महिन्याभराने जाणार होतो. वाटलं, फेरमतदान होईल, झेबांना न्याय मिळेल आणि माझी चूकही कोणाला कळणार नाही."

"आणि तुकाराम?"

सरांनी चष्म्याच्या काचा पुसायला घेतल्या.

"सर, चूक सांगितली असतीत तर लोकांनी समजून घेतलं असतं," अमिता म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण येईना. ती दम्मामला नवी आली तेव्हा तिच्या मुलीला याच माणसाने खटपट करून शाळेत प्रवेश मिळवून दिला होता.

उमाकांत सर स्वतःच अंगणात गेले. माईक हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. चूक, पेटी आणि पहारेकऱ्यावर घेतलेला आळही. कोणी ओरडलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या बूथचं फेरमतदान ठरलं. झेबा पार्किंगकडे निघून गेल्या.

दुपारी अमिता गेटवर थांबली.

"तुम्ही त्यांना आत जाताना पाहिलं होतं ना?"

"चहा घेऊन परतलो तेव्हा पेटी गाडीत ठेवत होते. मला वाटलं, कामाचंच असेल. सकाळी समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"या गेटवर त्यांनीच लावलं मला. त्यांचं नाव कसं घेणार?"

"ते तुम्हाला विमानात बसवणार होते, तुकाराम."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि एका पालकाच्या गाडीसाठी गेट उघडायला गेला.