सुरगाठ

लाइट गेली तशी घरची सगळी मंडळी गच्चीवर आली. वैशाखाचा शेवट, रात्र बरीच झाली तरी भिंतींतून वाफ निघत होती. सुमतीनं आपली गादी ओढत नेऊन शेजारच्या कठड्याला लावली. तिकडून जराशी झुळूक होती.

"तिथं नको टाकू वं," बाजेवरून नत्थूजीकाका म्हणाले. "इकडे सरक."

"काहून?"

काकांनी हनुवटीनं पलीकडे दाखवलं. कठड्यापलीकडे शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर होतं आणि त्यावर कपडे वाळवायची तार. तारेवर कपडा एकही नव्हता, नुसता हातभर दोर लोंबत होता. पत्रा सगळीकडून धड, फक्त त्या दोराखाली गंजून भोक पडायला आलं होतं.

"नळ नाही, टाकी नाही, तेवढाच काहून सडला?" सुमतीच्या भावानं, मार्तंडनं विचारलं. "कबुतरं बसत असतील."

"कबुतर नाही बसत त्या तारेवर. देवकीवहिनी जागी आहे का पाह्य बरं खाली."

होती. शेजारची देवकी ओट्यावर कंदील ठेवून बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

"मग सांगतो. पण मधात कोणी हसाचं नाही. हिचा नवरा विश्वनाथ माझ्यासंगं रेल्वेत बाबू होता. अर्धं त्याच्याकडून ऐकलं, अर्धं हिच्याकडून."

आणि काका सांगू लागले.

एकाहत्तर साल. वैशाख अमावास्या, सोमवार.

देवकीची दोन लेकरं गेली होती. एक पाळण्यात, एक त्याच्याही आधी. तिसरा मुन्ना. तो झाला तेव्हा तिची सासू यमुताई नवस बोलली, हा जगला तर याला समुद्रातल्या महादेवाच्या पायावर घालीन. बाईनं उभ्या जन्मात अंबाझरीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, पण नवस बोलली तो समुद्राचा. मुन्ना अडीच वर्षांचा झाला तसा तिनं विश्वनाथच्या मागे लकडा लावला. रेल्वेचा पास होताच. मुंबईपर्यंत फुकट, पुढे कोकणात एसटी.

घरून चौघं निघाल्यापासून देवकीनं पोराचा हात सोडला नाही. गाडीत खिडकीशी बसू दिलं नाही, एसटीत मांडीवरून उतरू दिलं नाही. विश्वनाथ चिडवायचा, "त्याले कुलूपच लाव ना एक." ती हसायची नाही. दोनदा जिची ओटी रिकामी झाली तिला कसलं हसू.

तिथं गावात त्यांनी वाटाड्या केला. हिराजी नाखवा नाव. दिवसभर यांच्याचसाठी, दुसरं कोणी संगं नाही. त्यानं किनारा दाखवला. वाळू कुठे नाहीच, नुसता काळा खडक, फुटलेला, खाल्लेला, भोकाभोकांचा. विश्वनाथ म्हणाला, हा सारा दगड एके काळी धरणीच्या पोटातून उकळत वर आला अन् इथं गोठला. मुन्नानं वाकून पाहिलं.

"आई, करपलं."

खरंच, तळाला लागलेल्या भातासारखा दिसत होता तो किनारा. सगळे हसले. देवकीसुद्धा. तेवढंच तिचं त्या दिवसाचं हसू.

महादेव कड्याच्या पलीकडे कपारीत. वाट खडकांवरून, ती फक्त ओहोटीला उघडते. मधे एक घळ लागते. हिराजी म्हणाला, "पाणी परत फिरलं की आधी घळ भरते. दिवेलागणीला आपण घळीच्या अलीकडं पायजे. आज अमावास्या, उधाण हाय."

पाणी उतरल्यावर निघाले. घळीच्या तोंडाशी एक बुटका खडक होता. त्याला आरपार भोक, मनगट जाईल एवढं, आणि भोकाची कड घासून काचेसारखी गुळगुळीत. मुन्नानं त्यात हात घातला.

"हे कशाचं?" देवकीनं विचारलं.

"आमच्या बायका ओहोटीला कालवं फोडाया यायच्या. खडकाला शिंपले चिकटलेले असतात, ते. संगं बारकं पोर असलं की त्याच्या कमरेला दोर बांधायचा अन् टोक या भोकात. निरगाठ मारायची. पोराला सुटत नाय, पाण्याकडं जात नाय."

"अन् पाणीच आलं तर?"

"त्याच्या आधी आय येते."

"अन् नाही आली तर?"

हिराजी चालू लागला. घळ ओलांडून पलीकडे गेल्यावर, मागे न पाहता म्हणाला, "एक आली होती. वेळेवर आली होती. पण भिजलेली निरगाठ... ती सुटत नाय, बाय. कोयती वाहून गेलेली. दोघंबी तिथंच... तेव्हापासून इथं कोणी पोर बांधत नाय."

देवकीनं मुन्नाला कडेवर घेतलं ते मग उतरवलंच नाही.

दर्शन झालं. कपारीच्या तोंडाशी नारळ फोडला, करवंट्या तिथंच ठेवल्या. हिराजी चला चला म्हणत होता, यमुताईची पूजा संपत नव्हती. "एवढ्या दुरून आली, देवाशी दोन शब्द बोलू तर दे." निघाले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

अन् थोडं चालले नाहीत तो विश्वनाथचा पाय शेवाळावरून सटकला. नडगीचं हाड मोडलं. हिराजीनं त्याला पाठीवर घेतलं. "माझ्या मागोमाग या. दगडाला चुन्याच्या खुणा हायत. थांबू नका. कशापायी बी थांबू नका."

त्या थांबल्या. यमुताईची चप्पल फटीत अडकली. ती निघेपर्यंत हिराजी दिसेनासा झाला.

अंधार पडला. अमावास्येचा. चुन्याच्या खुणा गेल्या. दोघी चालल्या, चालल्या, एका खडकाला वळसा घातला आणि पायाखाली काही कुरकुरलं. यमुताईनं हातानं चाचपलं.

नारळाच्या करवंट्या.

"चकवा," ती म्हणाली. "चकवा लागला आपल्याले. बस खाली."

आता आपल्याकडचं तुम्हाला माहीत आहे. रानात चकवा लागला की माणूस जागच्या जागी बसतो. कोंबडा आरवेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. यमुताईचा बाप तसाच वाचला होता, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. देवकी सून. बसली.

आपल्या नदीला पूर येतो तो एका बाजूनं येतो, गर्जत येतो. तिथं तसं नाही. ते पाणी खालून आलं. फटीफटींतून. आवाज न करता.

"आत्याबाई, पाणी."

"येऊ दे. बस."

"आत्याबाई, घोट्याले लागलं."

"पाऊल टाकलं का गेली समज. बस म्हणलं ना."

मुन्ना रडायचा थांबला. ते जास्त वाईट होतं. देवकीनं त्याला छातीशी आवळलं. तिनं महादेवाला हाक मारली, मग मेलेल्या आईला, मग त्या दोन लेकरांना, ज्यांना नावंसुद्धा ठेवली नव्हती. पाणी मांडीला आलं.

"ऊठ, बाय."

समोरच्या खडकावर बाई उभी होती. काष्टा, कडेला टोपली. तोंड दिसत नव्हतं.

"बसलीस कशाला? बसलेल्याला पाणी सोडत नाय. ऊठ."

देवकीला वाटलं, हिराजीनं पाठवली. ती उठली. सासूचा शब्द मोडून जन्मात पहिल्यांदा उठली, आणि सासूला दंडाला धरून ओढलं. बाई पुढे चालली. दिसत नव्हती, पण टोपलीतले शिंपले वाजत होते. खळ... खळ... त्या आवाजामागे दोघी चालल्या.

घळ आली. भरली होती. बाई तर पलीकडे उभी. कशी गेली, कुणी पाहिलं नाही.

देवकी पाण्यात उतरली, मागोमाग यमुताई. कंबर. छाती. तिनं पोराला डोक्यावर धरलं.

"पोर दे," बाई म्हणाली.

देवकीला हात पुढे करवेना.

"दे, बाय. मी बांधते त्याला."

...

देवकीच्या कानात हिराजीचा शब्द वाजला. भिजलेली निरगाठ. तिनं पोराला घट्ट धरलं. लाट आली. पाणी तोंडात गेलं, खारट. दुसरी लाट येत होती, ती दिसत होती. पांढरी.

आधीची दोन देवानं तिच्या हातून ओढून नेली होती. हे तिला आपल्या हातानं द्यायचं होतं.

तिनं दिलं.

पलीकडचे हात लागले. थंड. हाडं नसल्यासारखे. मग लाट डोक्यावरून गेली.

वर आली तेव्हा समोर कोणी नव्हतं. शिंपल्यांचा आवाज नव्हता.

"मुन्ना..."

काही नाही.

"मुन्ना रे..."

काही नाही...

तेवढ्यात कंदील दिसला. हिराजी. त्यानं दोर फेकला, यमुताईला ओढलं, मग हिला. देवकी बाहेर आली ती सरळ त्या बुटक्या खडकाकडे धावली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं.

मुन्ना तिथंच होता. उभा. पाणी गळ्याशी. कमरेला दोर, दोराचं टोक भोकात. लाट यायची, पोराला उचलायची, दोर त्याला मागे खेचायचा. दोर नसता तर केव्हाच गेला असता. पण आता पाणी हनुवटीला लागलं होतं, आणि दोर त्याला वर येऊ देत नव्हता.

तिनं पाण्याखाली गाठ धरली. ओली. बोटं सरकली. नखं मोडली. हिराजी मागून ओरडत येत होता, त्याच्याकडे कोयता नव्हता. पुढची लाट आली.

देवकीनं श्वास घेतला, पाण्यात तोंड घातलं आणि गाठीला दात लावले. एक टोक दातांत आलं. ओढलं.

सुटली.

एका ओढीत. पोलक्याच्या बंदासारखी.

वर कोरड्या जागी आल्यावर देवकी म्हणाली, "त्या बाईले बलवा. तुम्ही पाठवली ती."

"मी कोणाला नाय पाठवलं, बाय."

हिराजीनं पोराच्या कमरेचा दोर हातात घेतला. सुटलेलं टोक कंदिलाशी धरलं. त्यावर गाठीचा मोड तसाच होता. त्यानं त्या मोडावरून अंगठा फिरवला.

"सुरगाठ," एवढंच म्हणाला. आणि तिथं खाली बसला, तोंडावर हात घेऊन.

दोर समुद्रात टाका म्हणाला. देवकीनं टाकला नाही. ट्रंकेत घालून नागपूरला आणला आणि या तारेवर वाळत घातला.

काकांनी बाजेखालचा तांब्या उचलला, पाणी प्यायले.

"मग?" सुमतीनं विचारलं.

"मग काय. नागपूरचं ऊन. दोर वाळून खडखडीत. पुढे मुन्ना शाळेत जायला लागला. एक दिवस दिवेलागण झाली तरी घरी नाही. देवकी पत्र्यावर चढून गल्ली पाहून राहिली होती, तर मानेवर थेंब पडला. वर पाहते तर दोर गळत होता. मे महिन्यात. पोट्टा कोणा दोस्ताच्या घरी खेळत बसला होता, तो आला अन् दोर पुन्हा कोरडा. तवापासून असंच आहे. विश्वनाथ गेला, यमुताई गेली, तिनं तार नाही काढली."

"आता तर मुन्नादादा मोठा आहे ना," मार्तंड म्हणाला. "हिंगण्याले कंपनीत आहे."

"हो. दुसरी पाळी. बस उशिरा सोडते."

तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. कठड्यापलीकडे, पत्र्यावर.

टप.

सुमतीनं गादी ओढून काकांच्या बाजेजवळ आणली.

टप... टप...

खाली देवकी कंदील घेऊन उठली. ओट्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. चौकात बस थांबल्याचा आवाज झाला, बस निघूनही गेली. गल्लीत पावलं वाजेनात. पत्र्यावरचा आवाज घाईनं पडायला लागला. मार्तंडनं काकांचा हात धरला होता, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग पावलं.

"आई, काहून जागून राहिली वं तू अजून?"

कडी वाजली. दार लागलं.

गच्चीवर सगळे पुढच्या थेंबाची वाट पाहत राहिले.

तो पडला नाही.

"झोपा आता," काका म्हणाले. "पोट्टा घरी आला."